बढाईचा दर

"दहा रुपये काढा, सर."

कुरुंदवाडकर सरांचा चहाचा पेला ओठांपाशी थांबला. "कशाबद्दल?"

"तुम्ही आत्ता म्हणालात, प्रसन्नच्या नव्या घराला चार बाथरूम आहेत."

"आहेतच चार. मी खोटं बोललो का?"

"खोटं बोलला असतात तर वीस पडले असते."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. आमराईतल्या चहाच्या टपरीसमोर सिमेंटच्या बाकांवर अरुणोदय क्लबचे सगळे सभासद बसले होते आणि प्रत्येक जण आपल्याच पेल्यात काहीतरी पडल्यासारखा खाली बघत होता. आदल्याच दिवशी त्यांनी हात वर करून ठराव मंजूर केला होता: जो बढाई मारेल त्यानं दहा रुपये दंड द्यायचा. ठराव मांडला होता मी, अनुमोदन दिलं होतं कुरुंदवाडकर सरांनी. बढाई म्हणजे इतर लोक मारतात ती, अशी त्यांची समजूत असावी.

"मी माहिती दिली," सर म्हणाले. भूगोल शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. "माहिती वेगळी, बढाई वेगळी. उद्या मी म्हणालो, अमेरिकेत बर्फ पडतंय, तर त्याचेही पैसे घेणार काय?"

प्रश्न अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणजे बाबासाहेब मगदूम, साखर कारखान्यातले निवृत्त चीफ केमिस्ट. कुठलाही वाद आला की ते डोळे मिटून घेत आणि पाक किती तारी झालाय ते बघितल्यासारखे थोडा वेळ थांबत.

"नुसतं बर्फ पडलं तर माफ," ते डोळे उघडून म्हणाले. "पण पोरानं ते स्वतःच्या मशीननं काढलं म्हणालासा, की दहा रुपये."

गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला मी फट पाडून आणली होती. सरांनी नोटेची चार वेळा घडी केली आणि ती फटीतून अशी आत सोडली, की जणू विहिरीत मांजराचं पिल्लू सोडतायत.

याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. डबा कुठल्या कंपनीचा होता हेही मला आठवतं, पण ते सांगण्यासारखं नाही.

आमच्या क्लबच्या घटनेत 'आरोग्य व समाजसेवा' असा उद्देश लिहिलेला होता. आरोग्यासाठी आम्ही रोज सकाळी आमराईला दोन फेऱ्या मारत असू. समाजसेवेसाठी बसत असू. बसणं बराच वेळ चाले, आणि त्या वेळात सरांचा अमेरिकेतला मुलगा, दातांचे डॉक्टर शिरगुप्पे यांची नात आणि मगदुमांच्या भावकीतली द्राक्षबाग हे तीन विषय आळीपाळीनं निघत. कुणी कुणाचं ऐकत नसे. सर प्रसन्नच्या पगारावर आले की शिरगुप्पे नातीच्या भरतनाट्यमची तयारी करत असत, आणि ती नाचायला लागली की मगदूम द्राक्षं उतरवायला घेत.

दरम्यान माझी थोरली बहीण अडचणीत आली होती.

कुमुदताई कुपवाड रस्त्याला एक कार्यशाळा चालवते. वयानं वाढलेली पण समजेनं लहान राहिलेली मुलं तिथं येतात. कुणी पाकिटं चिकटवतं, कुणी पणत्या रंगवतं, कुणी नुसतं रांगेत उभं राहायला शिकतं. मुलं माधवनगर, अंकली, बुधगाव अशी लांबून यायची, संस्थेच्या जीपमधून. ती जीप त्या वर्षी गणपतीत शेवटची चालली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि काही न बोलता परत लावलं. तेव्हापासून अर्ध्याहून अधिक मुलं घरी होती. घरी म्हणजे खाटेवर. आईबाप कामाला जाताना बाहेरून कडी लावून जात.

मिरजेतली एक शाळा आपली जुनी मिनीबस विकायला निघाली होती. चांगली होती, पायरी जमिनीपासून वीतभर उंच. ताईसाठी गुढीपाडव्यापर्यंत थांबतो म्हणाले. पाडव्यानंतर ती एका बँडवाल्याला जाणार होती.

मी ताईला क्लबात घेऊन आलो. तिनं सगळं सांगितलं. सभासद हेलावले. त्यांनी तिचा सत्कार केला.

घरी आल्यावर ताईनं नारळ स्वैपाकघरात ठेवला, शाल माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "शरू, हिला चाकं लावून देशील?"

मग क्लबानं सुगम संगीताची संध्याकाळ ठरवली. प्रत्येकानं देणगी-प्रवेशिका खपवायच्या होत्या. आमचे सभासद दिलदार. त्यांनी त्या एकमेकांना भेट दिल्या. सभागृह भरलं. पाहुण्यांचे हार, माइकवाल्याचं बिल आणि गायिकेच्या आईसाठी रिक्षा इतकं झाल्यावर खजिनदार म्हणाले की काही उरलं नाही, उलट थोडं घालावं लागेल. नुसतेच पैसे काढून द्यावेत, अशी एक सूचना मी मांडून पाहिली. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पायजमा न घालता चालायला आलोय.

तेव्हा मी दंडाची कल्पना काढली. दंडाधिकारी म्हणून माझी निवड एकमतानं झाली, कारण माझ्याजवळ दंड होण्यासारखं काही नव्हतं. विमा कंपनीच्या सांगली शाखेत ज्या खुर्चीत मी नोकरीला लागलो, त्याच खुर्चीतून निवृत्तीकडे निघालो होतो. लग्न नाही, मूल नाही, द्राक्षबाग नाही. मी आणि ताई आईवडलांच्या घरात राहत होतो आणि घराला एक बाथरूम होती.

हिशोब सोपा होता. रोज सकाळी इतक्या बढाया, दर बढाईला दहा रुपये, की पाडव्याच्या आत बस दारात.

दुसऱ्या दिवशी सगळे गप्प.

तिसऱ्या दिवशीही गप्प. कुरुंदवाडकर सर ओठ आत ओढून बसायला लागले. शिरगुप्पे हवामानावर बोलायला लागले, आणि हवामान सांगलीचं असल्यामुळे ते लगेच संपायचं. बोलायला काही नाही म्हटल्यावर लोक उठून चालायला लागले. दोनाच्या तीन फेऱ्या झाल्या, तिनाच्या चार. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच सभासदांचं आरोग्य सुधारायला लागलं, आणि डब्यात सरांची ती चार घड्यांची नोट एकटी पडली होती.

"सोवनी," मगदुमांनी मला एकदा बाजूला घेतलं, "हे काय चालवलंयसा? काल सरांचं बीपी वाढलं. त्यांच्या मिसेसनी फोन केला मला. प्रसन्नला बढती मिळालीया आणि हे दोन दिवस पोटात ठेवून फिरालेत. माणूस फुटंल की एखादा!"

"मग सांगायचं. दहा रुपये तर आहेत."

"दहाचा प्रश्न नाही. दंड भरून सांगायचं म्हणजे गुन्हा केल्यागत वाटतंय. असं कुठं असतंय व्हय?"

ताईला मी हे जेवताना सांगितलं. तिनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"दंड कशाला लावलास?" ती म्हणाली. "तिकीट लावायचं."

"म्हणजे?"

"आमच्याकडे एक मुलगा होता. जेवायला बसला की ओरडायचा. गप्प बस म्हटलं की जेवायचाच नाही. मग आम्ही त्याला जेवणाआधी पाच मिनिटं ओरडायला दिली. त्यानं उभं राहून ओरडायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. आता तो ओरडतो, आणि जेवतो."

"हे सगळे शिकलेले लोक आहेत, ताई."

"हो ना. तुझ्या क्लबात आणि माझ्या वर्गात फरक आहेच. माझी मुलं जेवल्यावर आपलं ताट आपण धुतात. उचल ते ताट."

नवा नियम मी दुसऱ्या दिवशी जाहीर केला. दंड रद्द. ज्याला बढाई मारायची असेल त्यानं डब्यात पैसे टाकावेत. स्वतःबद्दल पन्नास, मुलांबद्दल शंभर, परदेशी मुलांबद्दल दोनशे. त्या बदल्यात त्याला पाच मिनिटं मिळतील. त्या पाच मिनिटांत कुणी मध्ये बोलायचं नाही, शंका काढायची नाही, आपल्या नातीला आणायचं नाही. आणि शेवटी सगळ्यांनी मोठ्यांदा 'अरे वा!' म्हणायचं. जो म्हणणार नाही त्याला मात्र दंड.

एवढे दर ऐकून क्लब बंद पडेल असं मला वाटलं होतं. माझं वाक्य संपायच्या आत कुरुंदवाडकर सरांनी दोनशे रुपये टाकले.

ते उभे राहिले. घसा साफ केला. आणि प्रसन्नची बढती, त्याचं केबिन, केबिनच्या खिडकीतून दिसणारी नदी, त्या नदीची लांबी आणि ती कुठल्या डोंगरात उगम पावते, हे सगळं त्यांनी सलग सांगितलं. सवयीनं ते मधे दोनदा थांबले, कुणी तोडेल म्हणून. कुणी तोडलं नाही. टपरीवाल्यानं स्टोव्हसुद्धा बारीक केला.

"अरे वा!" आम्ही म्हणालो.

सर तसेच उभे राहिले. मग खाली बसून चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

"आणखी आहे," ते म्हणाले. "सुनेचं. आजच घेता येईल का?"

"आज शिरगुप्पे आहेत. उद्या या."

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. पहाटे लोक फेऱ्या मारायच्या आधी नंबर लावायला लागले. फेऱ्यांची संख्या परत दोनावर आली, मग एकावर. डॉक्टर शिरगुप्प्यांनी सांगितलं की एका नामांकित कीर्तनकारांची अक्कलदाढ त्यांनी काढली, आणि दाढ निघेपर्यंत बुवा अभंग म्हणत होते.

"तोंड उघडं असताना?" सर म्हणाले.

"शंका! दहा रुपये!" शिरगुप्पे ओरडले. डब्यात तेही पडले.

मगदुमांनी द्राक्षबाग एका सकाळी न विकता हप्त्याहप्त्यानं आणली: आज माती, उद्या कलम, परवा दुबईचा व्यापारी. ते मुळात व्यवहारी. पलीकडच्या योगवर्गातले दोघे-तिघे येऊन विचारून गेले की बाहेरच्यांना सोय आहे का. आम्ही त्यांना पाहुण्यांचा दर लावला. डबा जड झाला. मी आठवड्याला तो ताईकडे रिकामा करत होतो आणि ताई मिरजेला फोन करून 'होतंय, होतंय' असं सांगत होती.

पण बढाई हे पीक असं, की ते एकदा काढलं की रान मोकळं.

होळीच्या सुमाराला माल संपत आला. सरांनी प्रसन्नचं नदीवालं केबिन पुन्हा आणलं. शिळ्या बढाईला निम्मा दर लावावा लागला. मगदूम आपल्या बालपणात शिरले आणि चौथीत पाठांतरात दुसरा नंबर आल्याचं सांगून खाली बसले. पहिला कुणाचा आला होता हे त्यांना अजून लागत होतं. शिरगुप्प्यांनी एका नव्या मोटारीचं वर्णन केलं आणि शेवटी ती मेव्हण्याची असल्याचं कबूल केलं. आम्ही 'अरे वा' म्हणालो, पण त्यात दम नव्हता. मग एका सकाळी मी डबा बाकावर ठेवला, आणि कुणीच उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

पाडवा पाच-सहा दिवसांवर आला होता. पैसे कमी पडत होते. फार नाही, पण बस अर्धी विकत मिळत नाही. बँडवाला मिरजेला येऊन बस बघून गेला, हॉर्न वाजवून बघितला आणि त्याला सूर पसंत पडला, असं ताईनं मला सांगितलं. हे सांगताना ती हसली, आणि मग तिनं देव्हाऱ्यातली कालची फुलं दुसऱ्यांदा काढली.

"उद्या मी येते तुमच्या क्लबात," ती म्हणाली.

"कशाला?"

"आभार मानायला. जे केलं त्याबद्दल मानायला नकोत का?"

ती आली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. शिरगुप्प्यांनी रुमालानं बाक पुसला. ताई बसली नाही. सुती साडी, खांद्याला कार्यशाळेतल्या मुलांनी शिवलेली पिशवी. तिनं दोन वाक्यांत आभार मानले आणि बस बहुधा जाईल असं तिसऱ्या वाक्यात सांगितलं.

"ताई," कुरुंदवाडकर सर म्हणाले, "आमच्याकडचं संपलं हो. म्हणजे पैसे नव्हे. सांगण्यासारखं."

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचं. मी काल रात्री वही घेऊन आठवत बसलो होतो. आयुष्यात एवढंच केलं की काय, असं वाटायला लागलं."

टपरीवाला पेले विसळायला लागला.

ताईनं डब्याकडे बघितलं. "दुसऱ्याची बढाई मारायला काय दर आहे?"

"दुसऱ्याची?"

"स्वतःची नाही, मुलाची नाही. दुसऱ्या माणसाची."

सर म्हणाले, नियमात तशी तरतूद नाही. शिरगुप्पे म्हणाले, अशी मागणीच कधी आली नाही. मगदुमांनी डोळे मिटले आणि या खेपेला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"दुप्पट," ते म्हणाले. "परका माल हाय. जकात बसणार."

ताईनं पिशवीतून पाकीट काढलं.

"ताई, अगं हे पैसे शेवटी तुझ्याकडेच यायचेत," मी म्हणालो.

"मग तुझं काय जातंय? डबा धर."

मी डबा धरला. तिनं नोट टाकली, माझ्याकडे बोट केलं आणि सांगायला सुरुवात केली.

"हा माझा भाऊ. घरात अतिशय तुसडा आहे. दूध तापायला वेळ लागला तर गॅसला बोलतो. बँकेत रांग असली की परत येतो. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या कार्यशाळेत दर गुरुवारी दुकान भरतं. टेबलावर साबण, आगपेट्या, चहाची पुडी मांडायची. मुलांनी दुकानदार व्हायचं. गिऱ्हाइकानं यायचं, वस्तू मागायची, खरे पैसे द्यायचे. दुकानदार व्हायला मुलं मिळतात हो, गिऱ्हाईक मिळत नाही. पुष्कळ येतात. कॉलेजची मुलं येतात, पाहुणे येतात. पहिल्या दिवशी कौतुक करतात, दुसऱ्या दिवशी घड्याळ बघतात, तिसऱ्या दिवशी मुलाच्या हातातली नाणी स्वतःच मोजून उचलतात. मग मूल काय शिकणार? हा एकोणीस वर्षं येतोय. एकोणीस वर्षं तोच साबण मागतोय. आमचा गजू पहिल्यांदा दुकानात बसला तेव्हा त्याला साबण उचलून द्यायला अर्धा तास लागला. हा अर्धा तास उभा. एकदा गजूला मधेच झोप लागली. हा उभाच. मी म्हटलं, अरे जा आता, ऑफिसला उशीर होईल. तर म्हणाला, दुकान उघडं आहे, गिऱ्हाइकानं कसं जायचं? तो गजू आज कुपवाडला खऱ्या किराणा दुकानात कामाला आहे. पगार घेतो."

मी डब्यावरचं तेलाच्या कंपनीचं चित्र बघत होतो. क्लबात मी हे कधी बोललो नव्हतो. साबण आणायला जाणं, यात सांगण्यासारखं काय आहे?

"आता दुकानात मीना बसते," ताई म्हणाली. "म्हणजे बसायची. माधवनगरची. तिला 'नाही' म्हणता येत नाही. शंभराची नोट दिली की पेटीतलं असेल ते सगळं समोर ओतते. कुणीही काहीही मागावं आणि तिनं देऊन टाकावं. अशा मुलीला 'नाही' म्हणायला शिकवणं किती गरजेचं आहे, ते तुम्हाला सांगायला नको. सगळी मुलींवाली घरं आहेत तुमची. हा दोन वर्षं तिला शंभराची नोट देत होता आणि ती ओतत होती. मग जीप बंद पडली. मीना येत नाही. दुकान भरत नाही. तरी हा गुरुवारी येतो. रिकाम्या टेबलासमोर थोडा वेळ उभा राहतो आणि जातो. मी खिडकीतून बघते. त्याला वाटतं, मी बघत नाही."

ती थांबली. "पाच मिनिटं झाली असतील," ती म्हणाली.

"अरे वा!"

झाडावरचे कावळे उडाले. मी त्या क्लबात शेकड्यांनी 'अरे वा' ऐकले होते आणि मनात त्यांना गुणही देत आलो होतो. याला किती द्यावे ते मला ठरवता येईना.

"सोवनी," कुरुंदवाडकर सर म्हणाले, "तुमचा आवाज आला नाही."

"सर, माझ्याबद्दलच होतं ते."

"नियमात तशी सूट नाही. दहा रुपये."

मी खिशात हात घातला. दहाची नोट सापडायला उशीर लागला. दिसत नव्हतं नीट.

तेवढ्यात मगदूम उठले. त्यांनी डब्यात नोट टाकली, आणि डॉक्टर शिरगुप्प्यांकडे न बघता त्यांच्याकडे अंगठा केला. "ह्यो माणूस. माझी मिसेस गेली त्या साली रोज संध्याकाळी माझ्या घरी यायचा आणि म्हणायचा, भूक लागलीया, काय असंल ते वाढा. म्हणून मी स्वैपाक करायचो. म्हणून मी जेवायचो. ह्याच्या घरात जेवण तयार असायचं, ते मला ठाऊक होतं. सहा महिने ह्यानं दोन-दोन जेवणं जेवली. तवापासून ते पोट आलंय, ते गेलं नाही."

"तुमची आमटी चांगली असायची हो," शिरगुप्पे पुटपुटले.

"आमटीत मीठ नसायचं! मधे बोलला, दहा रुपये!"

मग जे सुरू झालं ते आवरेना. स्वतःचा माल दोन महिन्यांत संपला होता. दुसऱ्यांचा कुणी काढलाच नव्हता, तो तसाच पडून होता. लोकांनी बाकाखालून एकेक बाहेर काढावा तसा काढला. कुणी कुणाला रक्त दिलेलं, कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा कुणी सगळ्यांच्या आधी दारात येऊन बसलेलं. टपरीवाल्यानंही पैसे टाकले आणि आपल्या सासऱ्याबद्दल बोलला. ज्याच्याबद्दल बोलणं चाले तो माणूस खाली बघे, आणि त्याचा आवाज आला नाही म्हणून त्याला दंड होई.

सगळ्यात शेवटी कुरुंदवाडकर सर उठले. प्रसन्न सोडून दुसऱ्या कुणाबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी चारशे रुपये टाकले.

"चारशे कशाला, सर? परदेशातलं नाही ना?"

"असू द्या. आमच्या सौभाग्यवतींबद्दल आहे," सर म्हणाले. मग त्यांनी टोपी काढली, परत घातली. "मी इथं जे जे सांगितलं ना... ते सगळं ती घरी आधी ऐकते. रोज. लग्न झाल्यापासून."

एवढंच बोलून ते बसले.

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा 'अरे वा' त्या बाईंना मिळाला. त्या तिथं नव्हत्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मिरजेहून बस आली. बँडवाल्यानं दुसरी घेतली, असं कळलं. क्लबानं बसचा सत्कार करायचा ठराव केला आणि ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं की शाल आणलीत तर मी सीटवर घालीन. बसच्या पुढच्या काचेला हार मात्र घातला. वीतभर उंचीच्या पायरीवरून मगदुमांनी चढून बघितलं, उतरून बघितलं, परत चढून बघितलं.

गुरुवारी मी कार्यशाळेत गेलो. टेबल मांडलेलं होतं. मागं मीना बसली होती. दोन वेण्या, नवा झगा, पुढ्यात नाण्यांची पेटी. इतक्या महिन्यांनी ती मला ओळखेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

"काय देऊ?" ती म्हणाली.

"साबण द्या, बाई."

तिनं साबण उचलला. पुसला. वास घेतला. माझ्यासमोर ठेवला. मी शंभराची नोट पुढे केली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, उजेडात बघितली, पेटी उघडली. पेटीवर हात ठेवून ती बसली. मागं खिडकीपाशी ताई कपाट लावण्याचं नाटक करत होती. शेजारच्या वर्गात कुणीतरी एक ते दहा म्हणत होतं, सातावर अडत होतं आणि परत पहिल्यापासून सुरू करत होतं.

मीनानं पेटी बंद केली. साबण उचलून परत आपल्या बाजूला ठेवला आणि नोट माझ्या हातात दिली.

"नाही," ती म्हणाली. "सुट्टे नाहीत. पुढच्या गुरुवारी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमराईत चहा यायच्या आधीच मी डबा मांडला आणि शंभराची तीच नोट आत सोडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या महिन्यांत दंडाधिकाऱ्यानं स्वतःहून पैसे टाकल्याची ही पहिलीच वेळ होती.

"स्वतःबद्दल की दुसऱ्याबद्दल?" सरांनी विचारलं. "दर वेगळे आहेत."

"ते मला नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो आणि उभा राहिलो. घसा साफ केला. "काल मी साबण आणायला गेलो होतो. दुकानदारानं सुट्टे नाहीत म्हणून मला हात हलवत परत पाठवलं."

"अरे वा!"